पंचायतीच्या दप्तरात आपण

माणूस जन्मला की आईबापांच्या खालोखाल त्याची दखल घेते ती गावची ग्रामपंचायत किंवा शहरची नगरपालिका. आणि तो इहलोक सोडून गेला की त्याचे नाव अखेरचे ज्या वहीत चढते, ती वहीही त्याच संस्थेची. मधल्या काळात त्याने लग्न नोंदवले, घर बांधले, नळ घेतला, दुकान थाटले, घरकुलासाठी अर्ज केला किंवा नुसता रहिवासाचा दाखला मागितला, तरी प्रत्येक वेळी आपल्या खासगी आयुष्याचा एकेक तपशील तो या संस्थेच्या स्वाधीन करीत जातो; आणि तो तपशील पुढे कोणत्या कपाटात पडतो, कोणाच्या हाती जातो, कोणत्या फळ्यावर लागतो, याची विचारपूस करावी असे सहसा त्याच्या मनातही येत नाही. बँकेच्या कारकुनाने आपल्या ठेवीचा आकडा शेजाऱ्याला सांगितला तर जो गृहस्थ आकाशपाताळ एक करील, तोच पंचायतीच्या टेबलावर आधार कार्ड, शिधापत्रिका, बँकेचे पासबुक आणि जातीचा दाखला यांच्या झेरॉक्स प्रती निःशंकपणे ठेवून येतो.

‘आठचा उतारा’ ही गोष्ट खेड्यातल्या माणसाला नवी नाही. पंचायतीच्या हिशेबासाठी राज्याने जे नमुने ठरवून दिले आहेत, त्यांतला आठवा म्हणजे कर-आकारणीची नोंदवही. तीत मिळकतीचा क्रमांक, मालकाचे नाव, प्रत्यक्ष राहणाऱ्या भोगवटादाराचे नाव, घर मातीचे की दगडविटांचे की स्लॅबचे, त्याची लांबीरुंदी, त्यावर बसणारी घरपट्टी, दिवाबत्तीचा आणि आरोग्याचा कर, आणि अगदी कडेला ‘शेरा’ असा एक अरुंद रकाना असतो, ज्यात कधी बँकेच्या बोजाची, कधी वाटणीची, तर कधी भावाभावांतल्या तंट्याची हकिकत दोन ओळींत येऊन बसते. नवव्या नमुन्यात कोणाकडे किती बाकी थकली आहे ते दिसते. जन्ममृत्यूची वही निराळी, विवाहनोंदणीची निराळी, रोजगार हमीच्या कामावर येणाऱ्या कुटुंबांची निराळी. आणि पंचायतीने आपल्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावेत असा नियम असल्यामुळे गावातल्या कोणाला कोणते व्यंग आहे, याचीही एक यादी कपाटात असते. यातली एकेक वही सुटी पाहिली तर निरुपद्रवी वाटते. परंतु सगळ्या एकत्र उलगडल्या तर गावातल्या कोणत्याही घराचे उत्पन्न, कर्ज, आजार, अपत्ये, जात आणि अब्रू यांचे चित्र कोणाही चौकस माणसाला घटकाभरात उभे करता येईल.

खासगीपणाच्या चर्चेत बहुधा दूरच्या, चेहरा नसलेल्या सरकारची भीती घातली जाते, आणि ती अनाठायी आहे असेही नाही. परंतु स्थानिक संस्थेच्या बाबतीत खरी अडचण नेमकी उलट आहे. दिल्लीतल्या अधिकाऱ्याला आपण म्हणजे केवळ एक क्रमांक. गावातल्या संगणक परिचालकाला मात्र आपण नावानिशी ठाऊक असतो, आपल्या भाऊबंदांची बाजू घेणारा सदस्य त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेला असतो, आणि येत्या निवडणुकीत आपल्या विरुद्ध उभा राहू पाहणारा उमेदवार चहाच्या वेळी त्याच कचेरीत येऊन ‘जरा अमक्याचा आठ काढून दे’ असे सहज सांगून जातो. माहिती राखणारा आणि त्या माहितीत ज्याचा हितसंबंध गुंतलेला आहे तो, असे दोघेही एकाच आळीत राहतात. म्हणून मोठ्या सरकारसाठी रचलेले नियम पंचायतीच्या उंबरठ्यावर आले की लटके पडतात.

हे आजचेच नाही. पूर्वी गावचे दप्तर कुळकर्ण्याच्या घरी असे, आणि ते तितकेच त्याचे असे जितके त्याचे जोते आणि त्याची विहीर त्याची असे. गावकऱ्याला आपल्याच जमिनीची नोंद पाहायची तर त्याच्या ओसरीवर बसून त्याची मर्जी सांभाळावी लागे. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने कुळकर्णी वतने गेली, दप्तर तलाठ्याच्या चावडीत आले आणि निदान तत्त्वतः ते सार्वजनिक झाले. त्याही मागे जाऊन पेशवाईतल्या खानेसुमारीचे कागद पाहावेत. घरटी माणसे आणि गुरे मोजून नेणाऱ्या कारकुनाला ज्या कुणब्याने किंवा कासाराने आपल्या घरातली डोकी सांगितली, त्याचा कागद रुमालात बांधला गेला, रुमाल पुण्याच्या पेशवे दप्तरात पडला, आणि आज इतिहासाचा अभ्यासक तो सोडून वाचतो. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी याच दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले, त्याबद्दल आपण त्यांचे ऋणी आहोत. दोनशे वर्षांनी जी नोंद इतिहासाचे साधन ठरते, तीच दोन वर्षांनी उघडी पडली तर एखाद्या मुलीचे लग्न मोडते. नोंदीला वय असते, आणि तिच्या वयाप्रमाणे तिच्यावरचा पडदा सैल किंवा घट्ट असावा लागतो, हे कागद जपणाऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे.

एका कारणासाठी लिहून घेतलेली नोंद दुसऱ्याच कारणासाठी कशी कामी येते, याचे महाराष्ट्रातले ताजे उदाहरण म्हणजे कुणबी नोंदींचा शोध. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि गावोगावची जुनी जन्ममृत्यूची रजिस्टरे, विदर्भातली कोतवाल बुके, महसुली नमुना १४, शाळांचे प्रवेशपट, कित्येक मोडी लिपीत असलेले, धूळ झाडून बाहेर निघाले. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. आणि सापडलेल्या नोंदींची पाने जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर कोणालाही पाहता येतील अशी ठेवण्यात आली. जन्माची वर्दी देणाऱ्या कोतवालाने पणजोबांच्या नावापुढे जात लिहिली ती साथीचे रोग आणि लोकसंख्या यांवर नजर ठेवणाऱ्या सरकारसाठी. शंभर वर्षांनी ती पणतूच्या आरक्षणाचा पुरावा झाली. येथे वंशजांना स्वतःलाच ती नोंद हवी आहे, म्हणून कोणी तक्रार करीत नाही, आणि करण्याचे कारणही नाही. परंतु त्याच पानावर त्याच दिवशी नोंदलेल्या इतर दहा घरांच्याही जाती, मृत्यू आणि मृत्यूची कारणे उघडी झाली आहेत, आणि त्या दहा घरांना कोणी विचारलेले नाही.

मृत्यूच्या कारणाचा उल्लेख निघालाच आहे तर एका जुन्या कायद्याचे शहाणपण येथे सांगितले पाहिजे. जन्ममृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९ चा. खासगीपणाच्या हक्काची भाषा त्या काळी आपल्याकडे फारशी कोणी बोलत नव्हते. त्या कायद्याच्या सतराव्या कलमाप्रमाणे कोणाही व्यक्तीला ठरलेली फी भरून नोंदवहीत शोध घेता येतो आणि उतारा मागता येतो. परंतु मृत्यूच्या नोंदीचा उतारा देताना मृत्यूचे कारण त्यात दाखवायचे नाही, असा स्पष्ट निर्बंध तेथेच घातलेला आहे. वारसाच्या कामाला, विम्याला, बँकेला माणूस मेला एवढे कळणे पुरते. तो क्षयाने गेला की विष पिऊन गेला, हे कळण्याचा अधिकार उतारा मागणाऱ्याला नाही. कोणत्या कामासाठी किती माहिती पुरे, याचा इतका नेमका निवाडा पुढच्या अर्धशतकातल्या पुष्कळ मोठ्या कायद्यांना साधलेला नाही.

जन्माची वर्दी देण्याचा छापील नमुनाही असाच विचारपूर्वक बनवलेला आहे. त्याचे दोन भाग असतात. पहिल्या भागात बाळाची जन्मतारीख, लिंग, नाव, आईबापांची नावे, जन्माचे ठिकाण आणि पत्ता. हा कायदेशीर भाग नोंदवहीत राहतो आणि दाखला त्यावरून मिळतो. दुसऱ्या भागात धर्म, आईबापांचे शिक्षण आणि व्यवसाय, लग्नाच्या वेळी आईचे वय, आजवर झालेली अपत्ये, बाळंतपण कोणी केले, बाळाचे वजन किती भरले, अशी माहिती. ही केवळ सांख्यिकीसाठी. निबंधकाने, म्हणजे खेड्यात ग्रामसेवकाने, हा भाग नमुन्यापासून अलग करून वरच्या कार्यालयाकडे पाठवावा, तेथे त्याची बेरीज व्हावी आणि कोणाचे नाव कोणापुढे न येता राज्याचा जन्मदर कळावा, अशी ही योजना. लग्नाच्या वेळी ती पंधरा वर्षांची होती, ही गोष्ट राज्याला कळावी आणि गावाला कळू नये, इतकी साधी काळजी त्या अलग होणाऱ्या भागात आहे.

ही काळजी पुढे टिकली का? २०२३ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली. आता जन्माच्या वेळी आईबापांचा आणि वर्दी देणाऱ्याचा आधार क्रमांक असल्यास तोही घ्यायचा आहे; गावोगावच्या नोंदी राज्याच्या आणि तेथून देशाच्या एका भांडारात जायच्या आहेत; आणि केंद्र सरकारच्या संमतीने ते भांडार लोकसंख्या नोंदवही, मतदारयाद्या, आधार, शिधापत्रिका, पारपत्र, वाहनपरवाना आणि मालमत्तानोंदणी सांभाळणाऱ्या खात्यांना उपलब्ध करून देता येते. सोय मोठी आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. मेलेल्या माणसाच्या नावाने शिधा उचलला जाणे किंवा मतदान होणे याला त्याने आळा बसू शकेल. पण ग्रामसेवकाच्या हातून नोंद एकदा सुटली की ती कोठवर गेली हे सांगणे आता त्यालाही शक्य नाही, आणि आपल्याला सांगण्याची जबाबदारी तर कोणीच घेतलेली नाही.

नोंदींच्या बाबतीत आपल्या राज्यव्यवस्थेचे धोरण किती परस्परविरोधी असू शकते, हे पाहायचे तर पालिकेच्या शाळेतल्या शिक्षकाच्या मागे वर्षभर हिंडावे. जनगणनेचा प्रगणक म्हणून तो दारात येतो तेव्हा १९४८ च्या जनगणना कायद्याचे पंधरावे कलम त्याच्या वहीवर पहारा देत असते: त्या नोंदी कोणाला पाहता येत नाहीत आणि न्यायालयातही पुरावा म्हणून दाखल होत नाहीत. तोच शिक्षक मतदारयादीचा कर्मचारी म्हणून पुन्हा आला की त्याने लिहिलेले नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, वय आणि घर क्रमांक चार दिवसांत छापून भिंतीवर लागतो. दोन्ही बरोबर आहे. जनगणनेत प्रत्येकाने खरे बोलावे म्हणून गुप्तता हवी; आणि मतदारयादीत खोटे नाव घुसू नये म्हणून ती शेजाऱ्यापाजाऱ्यांनी वाचली पाहिजे, हरकती घेतल्या पाहिजेत. घरपट्टीच्या आकारणीचेही तेच. आपल्या तीन खोल्यांना जितका कर तितकाच पाटलांच्या माडीला बसला आहे की काय, हे ताडून पाहायचे तर यादी उघडी लागते, आणि म्हणूनच आकारणीची यादी प्रसिद्ध करून हरकती मागवण्याची पद्धत आपल्या नगरपालिकांच्या व पंचायतींच्या कायद्यांत मुरलेली आहे. तेव्हा ‘खासगी माहिती’ म्हणून एखादा ठरावीक ऐवज नसतो. कशासाठी घेतली आणि उघडी केल्याने कोणावर लक्ष राहते, यावर सगळे अवलंबून.

दिल्ली उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती आणि त्यापूर्वी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती असलेले अजित शहा यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने ऑक्टोबर २०१२ च्या अहवालात या विषयाची नऊ तत्त्वे मांडली होती. त्यांतले मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे की, जी माहिती ज्या कारणासाठी घेतली त्याच कारणापुरती ती वापरावी. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. या निर्णयाचा गौरव पुष्कळ झाला. गावच्या फलकापर्यंत तो पोचायला मात्र अजून अवकाश आहे.

गावच्या फलकावर काय लागते? घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांची यादी, थकबाकीदारांची यादी. काही शहरांत तर थकबाकीदाराच्या दारात ढोल वाजवण्यापर्यंत मजल गेली आणि वर्तमानपत्रांनी त्याचे कौतुकही केले. माहिती अधिकाराच्या कायद्यातले चौथे कलम सांगते की सरकारी अनुदानाचे लाभार्थी कोण आहेत हे कार्यालयाने न मागता प्रसिद्ध करावे. आणि ते योग्यच आहे, कारण बंगलेवाल्याने घरकुल लाटले की काय हे गावाला असल्या यादीवरूनच उमगते. राजस्थानात नव्वदीच्या दशकात मजदूर किसान शक्ती संघटनेने हजेरीपटांचे जाहीर वाचन केले तेव्हा मेलेली माणसे कामावर हजर असल्याचे उघड झाले होते. माहितीचा अधिकार जन्मला तो अशा वाचनांतून. परंतु त्याच राजस्थानातल्या दौसा जिल्ह्यात २०१७ साली स्वस्त धान्य घेणाऱ्या कुटुंबांच्या घरांच्या भिंतींवर, हे घर गरीब आहे आणि सरकारी धान्य घेते, असा मजकूर रंगवण्यात आला. यादीतले नाव आणि भिंतीवरचा मजकूर यांत माहिती एकच. यादी हिशेब तपासायला लावते, भिंत मात्र घरच्या लेकराला शाळेत जाताना मान खाली घालायला लावते. दुसऱ्या प्रकाराने एकही बनावट लाभार्थी सापडत नाही.

साथीच्या काळात या विवेकाचा पहिला बळी जातो. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या तपासणीसाठी गोरे शिपाई माजघरात आणि देवघरात शिरले, त्याचे पर्यवसान रँडच्या वधात झाले, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात विलगीकरणात राहणाऱ्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारण्यात आला. पुढे जागोजागी घरांच्या दारांवर कागद चिकटले, आणि बाधितांची नावे, पत्ते आणि मोबाइल क्रमांक असलेल्या याद्या वॉर्डातून व्हॉट्सॲपवर निघाल्या त्या सगळ्या नातेवाइकांपर्यंत पोचल्या. भीती खरी होती, म्हणून कोणी फार बोलले नाही. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली सक्षम अधिकाऱ्याचा खास आदेश असल्याखेरीज रुग्णाच्या दारावर असे फलक लावू नयेत, असे सांगितले. तोवर लाट ओसरत आली होती.

व्हॉट्सॲप हे आता पंचायतीचे आणि वॉर्डाचे अनधिकृत दप्तरच होऊन बसले आहे. पीक विमा असो, घरकुल असो, महिलांच्या खात्यावर जमा होणारी रक्कम असो. वरून आलेली यादी, खाते क्रमांक आणि आधारसकट, जशीच्या तशी गटावर टाकली जाते आणि खाली ‘आपले नाव तपासून घ्यावे’ अशी ओळ असते. टाकणाऱ्याचा हेतू बहुधा चांगला असतो. शंभर घरी जाऊन निरोप देण्यापेक्षा हे सोपे. पण आधार कायद्याच्या २९ व्या कलमाप्रमाणे कोणाचाही आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करता येत नाही. एप्रिल २०१७ मध्ये झारखंडच्या सामाजिक सुरक्षा खात्याच्या संकेतस्थळावर दहा लाखांहून अधिक निवृत्तिवेतनधारकांचे आधार क्रमांक उघडे पडले होते, तेव्हा देशभर गवगवा झाला. आमच्या गटांवर तेच पाच-पन्नास नावांच्या हप्त्यांनी रोज होते, म्हणून त्याची बातमी होत नाही. घरपट्टीसाठी मिळकतींची मोजणी खासगी ठेकेदाराकडे देण्याची प्रथा शहरांत रूढ झाली आहे. त्याचे हंगामी पोरगे मोबाइलवर घराचे छायाचित्र, मालकाचा दूरध्वनी आणि भाडेकरूचे नाव टिपून नेते. ठेका संपल्यावर ती माहिती कोणाच्या लॅपटॉपात राहिली, हे विचारण्याची तसदी किती नगरसेवकांनी घेतली असेल याबद्दल मला शंका आहे.

आता कायद्याची ताजी स्थिती पाहू. माहिती अधिकार कायद्याच्या आठव्या कलमात, पोटकलम एक, खंड ‘ञ’ या ठिकाणी मूळ तरतूद अशी होती की, ज्या वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी काहीही संबंध नाही किंवा जी दिल्याने एखाद्याच्या खासगीपणावर अकारण आक्रमण होईल, ती देण्याचे बंधन नाही. मात्र व्यापक जनहित असेल तर द्यावी. शिवाय एक सुंदर पुस्ती होती: जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणाही व्यक्तीला नाकारू नये. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा जो कायदा झाला, त्याच्या ४४ व्या कलमाने ही सगळी रचना काढून तेथे केवळ ‘वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती’ एवढेच शब्द ठेवले. ग्रामसेवकाचा प्रवासभत्ता, ठेकेदाराचे बिल, घरकुल मिळालेल्या सरपंचाच्या मेहुण्याचे नाव, यांपैकी वैयक्तिक नाही असे काय उरते? जनहित मोठे असेल तर माहिती द्यावी असे सांगणारे दुसरे पोटकलम शिल्लक आहे, हे खरे. पण पूर्वी कार्यालयाला नकाराचे कारण दाखवावे लागे, आता अर्जदाराने जनहित सिद्ध करायचे. नोव्हेंबर २०२५ मध्ये या कायद्याची नियमावली प्रसिद्ध झाली तेव्हा ही दुरुस्ती तत्काळ अमलात आली, आणि नागरिकाला आपल्या माहितीवर हक्क देणाऱ्या मुख्य तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत मिळाली. कचेरीवरचा पडदा आधी पडला. आपल्यावरचा पडायचा आहे.

तो पडला तरी कितपत झाकील? हा कायदा डिजिटल माहितीपुरता. कपाटातली जाड वही त्याच्या कक्षेबाहेर, तिचे पान संगणकात चढले की आत. दाखले, परवाने, अनुदाने देण्यासाठी सरकारने माहिती वापरताना दर वेळी नवी संमती घेण्याची गरज नाही. चूक दुरुस्त करून मागता येईल. परंतु काम झाले, आता माझी माहिती पुसून टाका, असे खासगी दुकानदाराला बजावता येते, सरकारी संस्थेला येत नाही, कारण सतराव्या कलमाने तिला त्यातून सूट दिलेली आहे. माहितीची पुरेशी राखण न केल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत सांगितला आहे, तो जमा होणार भारताच्या एकत्रित निधीत. ज्याचे खाते रिकामे झाले त्याच्या पदरात या कायद्याने छदामही पडत नाही. उलट नागरिकाने खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली तर त्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

माझे मत विचाराल तर आपण नेमके उलटे करून बसलो आहोत. ज्याच्या हाती सही, शिक्का आणि निधी आहे त्याचे कागद चव्हाट्यावर असावेत, आणि ज्याने केवळ गरजेपोटी, नाइलाजाने आपली हकिकत सांगितली त्याची ती जपून ठेवावी. त्याऐवजी ठेकेदाराचे बिल ‘वैयक्तिक’ म्हणून कपाटात आणि विधवेचा खाते क्रमांक ‘पारदर्शक’ म्हणून व्हॉट्सॲपवर, असा हा कारभार आहे. यात कोणाचा कट आहे असे मी मानत नाही. मागितलेली माहिती देताना अधिकाऱ्याला आपले काही जाते असे वाटते, आणि न मागितलेली माहिती सांडताना काहीच जात नाही, एवढेच त्याचे कारण आहे.

म्हणून वाचकाने आपल्यापुरते काही करावे. दाखल्यासाठी झेरॉक्स देताना तिच्यावर आडवी रेघ ओढून कोणत्या कामासाठी दिली ते आणि तारीख लिहावी. आधारची प्रत पहिले आठ अंक झाकलेली चालते का ते आधी विचारावे, कारण तशी प्रत अधिकृतपणे काढता येते. गटावर यादी पडली तर भांडण न करता टाकणाऱ्याला आधार आणि खात्याचे रकाने काढून पुन्हा टाकायला सांगावे. नाव आणि गाव एवढ्यावर प्रत्येकाला आपली ओळख पटते. आणि ग्रामसभेत किंवा प्रभागात, रस्ता आणि गटार यांच्या जोडीला, एकदा हेही विचारावे की आमच्या माहितीची कोणती रजिस्टरे आपल्याकडे आहेत, ती संगणकात कोणी भरली, ठेकेदाराशी झालेल्या करारात माहिती परत करण्याची अट आहे काय, आणि नसल्यास का नाही. तोंडी उत्तर मिळाले नाही तर हेच प्रश्न माहिती अधिकाराच्या अर्जात लिहावेत. त्यांत कोणाचीही वैयक्तिक माहिती मागितलेली नाही, तेव्हा नवे कलमही त्यांच्या आड येत नाही. अर्जावर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाही, आणि उत्तर ३० दिवसांच्या आत द्यावे लागते.